पलीकडच्या काठाची हाळी

आधी तारखा, मग जबाबदार व्यक्ती आणि शेवटी मागणी, हा क्रम मी शिरूरच्या कोर्टाबाहेर बसून आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांत पाळला. स्वतःच्या बाबतीत तो मोडण्याचे कारण नाही.

बंधाऱ्यावरचा भोंगा बंद पडला ती दिवाळी : तो दुरुस्त करून घेणे ज्यांचे कर्तव्य होते ते अभियंता. त्यानंतरचा कार्तिक महिना : माझा अर्ज स्वीकारून, त्यावर शिक्का मारून, तो कपाटात ठेवणारे त्यांचे कार्यालय. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यातला मंगळवार, पहाट : खाली पात्रात कोणी आहे का हे न पाहता बंधाऱ्याचे ढापे काढून पाणी सोडण्याचा तोंडी आदेश देणारे साहेब आणि तो निमूट पाळणारा कर्मचारी. होळीनंतरची एक दुपार : भर उन्हात माणसाच्या आवाजाची परीक्षा घेणारे चौकशी अधिकारी. आणि चैत्र संपता संपता ज्या दिवशी अहवालावर सही झाली तो दिवस : पुन्हा तेच अधिकारी.

नावे लिहीत नाही. ज्यांची आहेत त्यांना ती ठाऊक आहेत.

या सगळ्यांच्या निष्काळजीपणाने माझी धाकटी बहीण गेली. पण तिच्या मृत्यूविषयी मी हे लिहीत नाही. मृत्यूबद्दल जे करायचे ते कायद्याच्या मार्गाने चालू आहे आणि माझ्या हयातीत संपेल अशी मला आशा नाही. तिने मरण्यापूर्वी जे केले, ते त्यांनी तिच्याकडून काढून घेऊन एका बंद पडलेल्या यंत्राच्या नावावर लिहिले. तेवढे मला परत हवे आहे.

भीमा आमच्या इथे दोन तालुक्यांची शीव आहे. अलीकडचा काठ शिरूरचा, पलीकडचा दौंडचा. आमचे घर अलीकडे, अगदी काठावर. बहिणीला पलीकडे दिली, तेव्हा वडील म्हणाले होते की पोर डोळ्यांसमोर राहील. ते खरे होते आणि नव्हतेही. तिचे घर आमच्या अंगणातून दिसे. पण भेटायला जायचे तर पुलापर्यंत उलटे जाऊन, दोन एसट्या बदलून अर्धा दिवस मोडे. पात्र इथे इतके रुंद आहे की पलीकडे चालणारा माणूस पुरुष की बाई हेही सांगता येत नाही, नुसते काहीतरी हलताना दिसते.

डोळ्यांना जे जमत नसे ते कानांना जमे. मात्र त्याला वेळ असे.

थंडीच्या दिवसांत पहाटे पाण्यावर गार हवा बसते. तिच्यावरची हवा त्या मानाने ऊबदार असते, आणि अशा वेळी आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि पाण्याच्या अंगाने सरपटत लांबवर जातो. दुपारी याच्या उलट होते : तापलेल्या जमिनीवरचा आवाज वर उचलला जातो आणि शेजारच्या वावरातली हाकही कानाला लागत नाही. हे शाळेच्या पुस्तकातले शास्त्र आहे, मी नंतर शिकलो. नदीकाठी जन्मलेल्या माणसाला ते शिकावे लागत नाही. आमच्या आईचा नियम होता की पहाटे काठावर उभे राहून घरातले काही बोलायचे नाही. ते अर्ध्या दौंड तालुक्याला कळते.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आईने याचा उपयोग करून घेतला. उजाडायच्या आधी ती काठावरच्या दगडावर जाऊन बसे. पलीकडे बहिणीच्या दारात हापसा होता. त्याचा दांडा कुरकुरत वर जाई आणि खाली येताना ठणकन वाजे, ते इथे अंगणात वाजल्यासारखे ऐकू येई. त्या आवाजावरून आई लेकीची तब्येत सांगे. "आज दमानं हापसतीया. अंगात कणकण असल." आठवड्याभराने निरोप येई की खरेच ताप होता.

बोलायला सुरुवात बहिणीने केली. एके पहाटे धुक्यातून, काही न दिसता, अगदी रोजच्या आवाजात शब्द आले :

"दादा, चहा झाला का?"

मी दचकून मागे पाहिले. ती माझ्या पाठीशी उभी आहे असे वाटले.

"अजून न्हाई. तुझा?"

"झाला. पर सासूबाईंनी साखर कुलपात ठिवलीया."

त्यावर पलीकडच्याच काठावरून दुसरा एक आवाज तितक्याच स्पष्टपणे आला : "व्हय, ठिवलीया. भावाला सांग, येताना घिऊन ये म्हनावं."

त्या दिवसापासून तिच्या सासूबाई पहाटे काठावर भांडल्या नाहीत. उलट पुढे पुढे त्याच मला हाक मारून आमच्याकडचा बाजारभाव विचारत. बहीण मला सांगे, "तुझ्याशी बोलायचं म्हटलं की सासूबाई आधी पदर नीट करत्यात. त्यांना वाटतं, तुला दिसतं."

चाळीस-पंचेचाळीस हिवाळे असे गेले. मधे सासूबाई गेल्या, आई गेली, बहिणीचे यजमान गेले. तिचा मुलगा कुरकुंभच्या कंपनीत लागला आणि त्याने तिला मोबाइल घेऊन दिला. तिने मला एकदाच फोन केला. "दादा, यात तुझा आवाज डब्यातून आल्यावानी येतोय. सकाळी काठावर ये, तवा बोलू." मी अर्जनवीस माणूस, कोणत्याही गोष्टीचा लेखी पुरावा असावा असे मानणारा. या बोलण्यांचा माझ्याकडे कागदाचा एक तुकडाही नाही, आणि आज त्याचीच मला किंमत मोजावी लागत आहे.

आता हाळीविषयी सांगणे भाग आहे, कारण चौकशीत ती समजून घेण्याची तसदी कोणी घेतली नाही.

बंधाऱ्याचे ढापे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या लोखंडी फळ्या, काढल्या की खालच्या पात्रात पाणी एकदम चढते. हिवाळ्यात पाणी ओसरले की गाळाची जमीन उघडी पडते आणि दोन्ही काठांवरची माणसे तिथे भाजी करतात. ती माणसे, त्यांची जनावरे, पंपाच्या मोटारी, सगळे खाली असते. म्हणून ढापे काढण्यापूर्वी बंधाऱ्यावरचा माणूस हाळी देई : "पाणी आलंऽऽ". ती ज्याच्या कानावर पडेल त्याने पुढच्याला द्यायची. पुढच्याने त्याच्या पुढच्याला. काठ कोणता, तालुका कोणता, भांडण आहे की नाही, हे पाहायचे नाही. आणि यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की हाळी देऊन मोकळे होता येत नसे. पुढच्याचा जबाब यावा लागे : "पोचलीऽऽ". तो जबाब कानावर पडेपर्यंत हाळी देणाऱ्याने जागा सोडायची नाही. जबाब आला नाही तर पुन्हा द्यायची. जबाब न घेता निघून गेलेल्या माणसाला आमच्याकडे फार काळ बोलणी खावी लागत.

पुढे बंधाऱ्यावर विजेचा भोंगा बसला आणि हाळीची गरज संपली असे सर्वांनी धरले. भोंगा वाजला की माणसे वर येत. भोंगा जबाब मागत नसे.

तो बंद पडला तेव्हा मी अर्ज दिला. अर्जात मागणी एवढीच होती की भोंगा दुरुस्त होईपर्यंत ढापे काढण्यापूर्वी माणूस पाठवून दोन्ही काठांना कळवावे. कार्यालयातल्या एका गृहस्थाने मला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाला, "आप्पा, तुमचं वय काय, तुम्ही या उन्हाचं येता कशाला? पोस्टानं पाठवलं असतं तरी आम्ही एवढंच केलं असतं." त्याने ते हसत सांगितले. खरे बोलणारा त्या इमारतीतला तो एकच माणूस होता, म्हणून त्याच्यावर माझा राग नाही.

त्या मंगळवारी पहाटे कडक गारठा होता आणि पाण्यावर दाट धुके होते. मी तोंड धुऊन काठावर आलो होतो. बहीण पात्रात असणार हे मला ठाऊक होते. तिची कोथिंबीर तयार झाली होती आणि ती उजाडण्यापूर्वी उपटून दौंडच्या बाजाराला पाठवायची होती. आदल्या दिवशीच ती म्हणाली होती, "उद्या बोलायला सवड न्हाई, दादा. आवाज आला तर समज की म्हातारी जित्ती हाय."

तिचा वाफा पात्रातल्या गाळाच्या उंचवट्यावर होता. उंचवटा आणि तिचा काठ यांच्या मधे एक सखल पट्टा आहे. पाणी चढू लागले की आधी तो पट्टा भरतो. हे तिला माहीत होते. इतकी वर्षे ती तिथे भाजी करत होती. पाणी हलल्याचे पायाला कळल्याबरोबर मागे फिरली असती तर गुडघाभर पाण्यातून ती पलीकडे गेली असती.

मला आधी पाण्याचा आवाज आला नाही. आधी तिचा आला.

"पाणी आलंऽऽ"

तो आवाज मी त्या एका क्षणात ओळखला आणि दुसऱ्या क्षणात तो कुठून येतो आहे हेही. वाफ्यातून दिलेली हाक फुटकी येते, मधल्या गाळाने आणि झुडपांनी अडलेली. ही हाक अखंड, गुळगुळीत, पाण्याला लागून आली. म्हणजे ती मागे काठाकडे गेली नव्हती. ती पुढे, अगदी पाण्याच्या कडेला आली होती. खाली नदीच्या वाकणाला पाचसहा जणी मेथी काढायला उतरलेल्या असत, दोघींची लहान मुले बरोबर असत. त्यांच्यापर्यंत आवाज पोचवायचा तर पाण्याच्या कडेलाच उभे राहावे लागते, दुसरी जागा नाही. भोंगा वाजणार नाही हे तिला ठाऊक होते. मीच तिला सांगितले होते.

मी ओरडलो, "बाई, माघारी फिर."

तिने मला ऐकले. धुक्यातून उत्तर आले, घाईचे, पण घाबरलेले नव्हे.

"व्हय दादा. खालच्यांचा जबाब येऊ दे."

आणि तिने पुन्हा हाळी दिली. मग मीही दिली, तिच्या आवाजाला आवाज जोडून, कारण दोन काठांवरून गेलेली हाळी लवकर ऐकू जाते. आम्ही दोघे किती वेळा ओरडलो ते मला सांगता येणार नाही. मधे मी तिला शिव्याही दिल्या. लहानपणानंतर प्रथमच.

शेवटी वाकणाकडून एका बाईचा बारीक पण स्वच्छ आवाज आला. "पोचलीऽऽ, पोचलीऽऽ"

मग बहीण म्हणाली, "आले, दादा. चालले आता."

त्यानंतर पाण्याचा आवाज आला. पाणी मोठ्याने येत नाही. ते हातरूण ओढल्यासारखे येते. मी तिला हाका मारत राहिलो. त्या पहाटे काठावरून माझा आवाज कुठवर गेला असेल याची मला कल्पना आहे, कारण नंतर दूरच्या वस्त्यांवरची माणसे मला भेटून गेली आणि भेटताना माझ्याकडे पाहत नव्हती.

भाच्याला फोन केला, तो कंपनीतून निघाला. मी कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून पुलाकडून गेलो. ती दुपारी सापडली, वाकणाच्या खाली. वाकणावरच्या सगळ्याजणी काठावर बसून होत्या. त्यांतल्या एकीने, जिने जबाब दिला होता तिने, माझे पाय धरले आणि म्हणाली, "आप्पा, मी आधी पोराला उचललं, मग जबाब दिला." मी तिला म्हणालो की बाई, तू बरोबर केलेस. हे मी आज पुन्हा लिहून ठेवतो, म्हणजे तिला कोणी काही विचारू नये.

चौकशी लागली. मी समाधान मानले. मला वाटले, सगळे समोर येईल. होळीनंतर एका दुपारी अधिकारी बंधाऱ्याखाली आले. ऊन इतके होते की त्यांच्यासाठी छत्री धरावी लागत होती. त्यांनी एका तरुण शिपायाला बहिणीच्या वाफ्याच्या जागी उभे करून ओरडायला सांगितले आणि स्वतः वाकणाला जाऊन उभे राहिले. काहीही ऐकू आले नाही. ऐकू येणारच नव्हते. मी म्हणालो, "साहेब, ही परीक्षा पहाटे घ्यावी लागेल आणि थंडीत."

"पहाटे कार्यालय बंद असतं, काका."

"ढापे मात्र पहाटे काढतात."

ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. माझे म्हणणे लेखी द्या म्हणाले. ते मी दिले.

मग वाकणावरच्या बायकांना बोलावले. जबाब देणारी पुढे आली. अधिकाऱ्यांनी विचारले, तुम्ही वेळेत बाहेर पडलात ते कशामुळे?

"हाळी ऐकली, साहेब."

"म्हणजे भोंगा वाजला."

"न्हाई. बाईमाणसाचा आवाज व्हता."

अधिकारी समजावणीच्या सुरात म्हणाले की आत्ताच आपण पाहिले, एवढ्या अंतरावरून माणसाचा आवाज येऊ शकत नाही. घाबरलेल्या माणसाला भोंग्याचा आवाजही माणसासारखा वाटू शकतो. तुम्ही ऐकला तो भोंगाच असणार.

तिला वाटले असावे, आपण काहीतरी नीट सांगितले नाही. मग ती म्हणाली, "साहेब, मी 'पोचली' म्हणाले. भोंग्याला कुनी जबाब देतं का? मी माणसाला दिला."

कोणीतरी मागून हसले. पुढचे नाव पुकारले गेले.

अहवाल आला त्यात तीन गोष्टी होत्या. त्या दिवशी इशारा देणारा भोंगा चालू स्थितीत होता. त्याचा पुरावा असा की खालच्या बाजूची सर्व माणसे इशारा ऐकून सुखरूप बाहेर पडली. आणि मयत महिलेने त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष केल्याने दुर्घटना घडली.

मी हा अहवाल अनेक वेळा वाचला आहे. कायद्याची भाषा मला कळते, तिचा मला राग येत नाही. मी त्याच भाषेवर पोट भरले. पण असा कागद मी माझ्या आयुष्यात लिहिला नाही आणि कोणालाही लिहू दिला नसता. जिने इशारा दिला तिने इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले, असे हा कागद म्हणतो. तिच्या आवाजाने जी माणसे वाचली, त्यांचे जिवंत असणे हा भोंगा वाजल्याचा पुरावा ठरला. ती कमी जोराने ओरडली असती, जबाबाची वाट न पाहता निघून आली असती, तर खाली माणसे गेली असती, भोंगा बंद असल्याचे सिद्ध झाले असते आणि ती आज सकाळी मला चहा झाला का म्हणून विचारत असती.

भाचा म्हणतो, मामा, आता पुरे करा. आई परत येणार नाही. त्याचे बरोबर आहे. त्याला कंपनीतली पाळी चुकवता येत नाही, पोरे लहान आहेत, आणि त्याला नदीकडे तोंड करून जगायचे आहे. त्याने हापसा काढून तिथे मोटार बसवली. ती वाजत नाही. यंदाच्या थंडीत मी रोज पहाटे काठावर जातो. पलीकडचे सगळे ऐकू येते : कोणाचा तरी खोकला, गाईच्या गळ्यातली घंटा, पत्र्यावर पडलेले लाकूड, कोणीतरी कोणाला तरी उठवते आहे. इतके जवळून ऐकू येते की त्यात काय नाही हेही तितक्याच जवळून कळते.

म्हणून माझी मागणी.

अहवालावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांनी एकाच प्रश्नाचे जाहीर उत्तर द्यावे : त्या मंगळवारी पहाटे खालच्या माणसांना इशारा कोणी दिला? भरपाई मागत नाही, कोणाला निलंबित करा असेही या लेखात म्हणत नाही. त्यासाठी वेगळे अर्ज आहेत. उत्तर मला पत्राने नको, मी पत्रांना पुरेसा ओळखतो. त्यांनी थंडी संपण्यापूर्वी कोणत्याही पहाटे पलीकडच्या काठावर, तिच्या वाफ्याखाली पाण्याच्या कडेला येऊन उभे राहावे. ध्वनिक्षेपकाची गरज नाही. मी अलीकडे असेन, वाकणावर त्या बायका असतील. त्यांनी नेहमीच्या आवाजात बोलावे. आम्हा सगळ्यांना ऐकू येईल, आणि आम्ही जबाब देऊ. तो येईपर्यंत त्यांनी जागा सोडू नये.